निळा रंग आणि आतड्याचा पडदा: एका कोलोनोस्कोपी केंद्राचा अनुभव
अल्सरेटिव्ह कोलायटिसची (मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या दीर्घकाळच्या दाहाची) लक्षणे सुरू होऊन साधारण 8 वर्षे झाली की, रुग्ण कितीही तरुण असला तरी, कर्करोगासाठी मोठ्या आतड्याची नियमित कोलोनोस्कोपी (कॅमेरा असलेल्या नळीने आतून तपासणी) सुरू करावी लागते, हे या केंद्राने मला सव्विसाव्या वर्षी न घाबरवता समजावले. दाह शांत असतानाच तारीख दिली, कारण सुजलेल्या अस्तरात पेशींचे बदल ओळखणे अवघड जाते. गुंगी हलकी असल्याने निळा रंग फवारताच अस्तराच्या बारीक रेषा उठून दिसलेल्या मी पडद्यावर पाहिल्या. संशयास्पद जागेचा तुकडाही लगेच काढला गेला. मात्र रेचकाचे द्रावण (खरी परीक्षा तीच!) दोन टप्प्यांत प्यावे, हे छापील सूचनेत नव्हते, ही गंभीर उणीव आहे. अहवालावर पुढच्या तपासणीचे वर्ष मात्र स्पष्ट लिहिलेले होते.