आठ महिन्यांनंतर: स्वतः रंगवायची बाहुली आणि तिचा जांभळा मार्कर

माझ्या संग्रहातील या बाहुलीच्या डाव्या गुडघ्यावरचा गुलाबी डाग गेल्या आठवड्यात, उपचाराच्या सहाव्या दिवशी, एकदाचा पुसट झाला, म्हणून हा अनुभव आता लिहायला घेतला आहे. डाग गेला नसता तरी लिहिलेच असते, फक्त भाषा वेगळी झाली असती.

पांढरेशुभ्र कपडे, धुतल्यावर रंग जाणारे बारा मार्कर, दोन स्टेन्सिल आणि चिकटवायच्या टिकल्यांचे पाकीट घेऊन येणारी ही बाहुली संग्राहकांना ठाऊक आहे, त्यामुळे खोक्यातील वस्तूंची यादी देत नाही. मी ती नोव्हेंबरात ३,४५० रुपयांना घेतली. खेळण्यांवरील आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले, शिवाय १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. तेव्हापासून परदेशातून बाहुली मागवायची म्हटले की मी आधी हिशोबाची वही उघडते. ही इथेच मिळत होती, म्हणून फारसा विचार केला नाही. तो करायला हवा होता, असे मला पुढचे तीन महिने वाटत राहिले.

संग्राहकाची पहिली अडचण खोक्यापाशीच सुरू होते. इतर बाहुल्या न उघडता ठेवल्या तर त्यांचे मोल टिकते. ही मात्र कोरी ठेवली तर अपुरी वाटते आणि रंगवली तर पुन्हा विकण्याच्या लायकीची उरत नाही. कंपनीचे म्हणणे असे की रंग धुऊन टाका आणि नव्याने सुरुवात करा. या एका आश्वासनावर मी खोके उघडले, आणि जांभळ्या मार्करने नेमके तेच खोटे पाडले.

बाकीचे अकरा मार्कर ठीक आहेत. पिवळा फिका आहे, हिरवा थोडा कोरडा चालतो, इतकेच. जांभळा मात्र कापडावर ओला होताच फुटतो: कडेने गुलाबी धार पळते आणि मध्ये निळसर डाग बसतो. मी टीपकागदाची पट्टी कापून तिच्यावर जांभळा ठिपका दिला आणि खालचे टोक पाण्यात बुडवले, तेव्हा पाच मिनिटांत गुलाबी वर चढला आणि निळा मागे राहिला. शाळेच्या प्रयोगशाळेत शाईचे घटक वेगळे करतात तोच हा प्रकार. म्हणजे त्या नळीत जांभळा रंग नाहीच, दोन रंगांचा तात्पुरता संसार आहे.

धुतल्यावर तर आणखी एक गंमत दिसली. झग्याचे कापड स्वच्छ निघाले, पण शिवणीच्या रेघा निळ्याच राहिल्या. आतल्या बाजूचा जरासा दोरा उसवून जाळून पाहिला, तर कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख, म्हणजे सुती दोरा. कापडाचा धागा मात्र वितळून त्याची काळी गोळी झाली, म्हणजे पॉलिएस्टर. पाण्यात विरघळणारा असा रंग पॉलिएस्टरच्या पृष्ठभागावरच राहतो आणि पाण्याबरोबर जातो, सूत तो पिऊन घेते. दोराही पॉलिएस्टरचा वापरला असता तर हा प्रश्न आलाच नसता, आणि दोऱ्यात अशी कितीशी बचत होणार होती, हे मला आजही उमगलेले नाही.

गुडघ्याचा डाग ही माझी चूक, असे विक्रेत्याच्या सेवा केंद्राचे मत पडले. ओलसर झगा बाहुलीच्या अंगावर रात्रभर राहिला आणि मऊ प्लास्टिकने गुलाबी रंग शोषला. आधी त्यांनी खोके उघडतानाचा व्हिडिओ मागितला, जणू डाग खोक्यातूनच आला असे मी म्हणत होते. नंतर मार्कर ही ‘वापरून संपणारी वस्तू’ असल्याने तिच्यावर हमी नाही, असे कळवले. तिसऱ्या फोनवर बोलणाऱ्या मुलीने शांतपणे सांगितले, “मॅडम, कपडे बाहुलीच्या अंगावरून काढून वाळवायचे असतात, पत्रकात लिहिले आहे.” मी भिंग घेऊन पाहिले, खरोखरच लिहिले होते, मुंगीच्या आकाराच्या अक्षरांत. त्यांनी शेवटी मार्करचा नवा संच फुकट पाठवला, हे मान्य करायला हवे. त्यातला जांभळाही टीपकागदावर तसाच फुटला.

डागावर मुरुमांसाठी मिळणारे बेंझॉइल पेरॉक्साइडचे मलम लावून, वर पातळ प्लास्टिक गुंडाळून, गुडघा रोज उन्हात ठेवला. जुलैत ऊन मिळवणे हेच मोठे काम होते. डाग गेला, पण भोवतालची ‘त्वचा’ किंचित फिकट झाली आहे; हा उपाय करणाऱ्यांनी आधी तळपायावर करून पाहावा.

इथपर्यंत वाचून कोणी समजेल की मी ही बाहुली घेऊ नका असे सांगणार आहे. मार्चमध्ये हा लेख लिहिला असता तर तसेच सांगितले असते. एप्रिलमध्ये रागारागाने तो निळ्या शिवणींचा झगा पूर्ण उसवला आणि तुकडे टेबलावर पसरले, तेव्हा लक्षात आले की त्याचे कटिंग फार विचारपूर्वक केलेले आहे. छातीला खरे टक्स आहेत, बाही वेगळी कापून बसवलेली आहे, शिवणीसाठी चार मिलिमीटर सोडलेले आहेत. १९५९ सालच्या पहिल्या बार्बीचे कपडे जपानमध्ये शिवले जात आणि त्यांना इवल्याशा चेन व बटणे असत, याचे कौतुक आम्ही जुने संग्राहक सतत करतो. इथे बंदाला केस ओढणारे वेल्क्रो असले, तरी कटिंगला नावे ठेवायला जागा नाही. मी ते तुकडे कागदावर उतरवून घेतले, वेल्क्रोच्या जागी टिचबटणे लावली आणि घरात उरलेल्या खणाच्या कापडाचा झगा शिवला. खणातील बारीक बुट्टी बाहुलीच्या, म्हणजे माणसाच्या एक-षष्ठांश मापाच्या, शरीरावर अगदी प्रमाणात दिसते, मोठ्या काठांचे कापड मात्र तिला गिळून टाकते.

नऊवारीचा प्रयत्न फसला. आठ मीटर तेवीस सेंटिमीटरचा सहावा भाग म्हणजे सुमारे १.३७ मीटर, असा हिशोब करून जुने मलमल कापले, पण लांबी सहापट कमी केली तरी कापडाची जाडी होती तेवढीच राहते, त्यामुळे कासोटा उशी बांधल्यासारखा झाला.

केस आणि सांधे यांविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. केस वजनदार आहेत आणि गरम पाण्याने सरळ होतात. मनगट काढता येते, त्यामुळे बाही चढवताना बोटे अडकत नाहीत. चेहरा छापील आहे, भिंगाखाली ठिपके दिसतात. ते पुसून नव्याने रंगवण्याचा मोह मी अजून आवरला आहे.

झग्याचे कागदी नमुने, टिचबटणे आणि खणाचे तुकडे आता चहाच्या जुन्या डब्यात ठेवले आहेत आणि बाहुली कपाटाच्या वरच्या फळीवर, बार्बीच्या शेजारी उभी आहे. ३,४५० रुपयांचा हिशोब मी कटिंगच्या खात्यावर लावला आहे. मार्करच्या खात्यावर अजून काहीच जमा नाही, असे म्हणत होते, तर मे महिन्यात आठ वर्षांची भाची राहायला आली, तिने पांढरा स्कर्ट ओला केला, त्यावर मुद्दाम जांभळ्याच्या रेघा ओढल्या आणि गुलाबी धार पळताना पाहून टाळ्या पिटल्या. तो स्कर्ट, खरे सांगायचे तर, माझ्या बाकीच्या सगळ्या रंगकामापेक्षा चांगला झाला आहे. दोन्ही जांभळे मार्कर मी तिला देऊन टाकले. मोजे मात्र रंगवू दिले नाहीत, कारण ते थेट पायाला लागतात.