रॉकेल की पाण्यात मिसळायचा डिग्रीझर?

बेअरिंग, गिअर, नट-बोल्ट यांवरचं जुनं, घट्ट ग्रीस काढायला मी रॉकेलच घेईन. भाग तासभर बुडवून ब्रश मारला की दात्यांच्या खाचेतला काळा चिकटा सुटून येतो. मागे उरणारा तेलकट थर लोखंडाला लगेच गंजू देत नाही. ब्रेकच्या भागांवर मात्र हाच थर घातक, आणि काही रबरी सील रॉकेलने फुगतात. वासाचं तर विचारूच नका.

पाण्यातला डिग्रीझर पेट घेत नाही, कोमट पाण्यात जास्त चालतो. पण धुतल्यावर भाग लगेच कोरडा करून तेलाचा हात फिरवावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक सोडा असलेला डिग्रीझर लावू नका, धातू खाल्ला जातो.

पेट्रोल? नावही नको. रॉकेलची वाफ साधारण ३८ अंश सेल्सिअसच्या पुढे ठिणगीने पेटते, पेट्रोलची उणे ४० च्या आसपासही.