सीव्ही दोन रकान्यांचा करावा की साधा?

काही वर्षांचा अनुभव गाठीशी आहे आणि नोकरी बदलायची आहे, तर हा प्रश्न पडतोच. एकीकडे डिझाइनच्या साइटवरचं तयार टेम्प्लेट: डावीकडे रंगीत पट्ट्यात फोटो, फोन नंबर आणि स्किल्स, उजवीकडे अनुभव. दुसरीकडे वर्डमध्ये केलेला, वरून खाली सरळ जाणारा साधा सीव्ही. ऑटो पार्ट्सच्या कंपन्यांत क्वालिटीच्या जागांसाठी मी दोन्ही पाठवून पाहिले आहेत.

दिसायला दोन रकान्यांचा सरस, यात वाद नाही. अनुभव कमी असला तरी पान भरलेलं वाटतं, आणि ओळखीतून थेट मॅनेजरच्या हातात प्रिंट जाणार असेल तर छाप पडते.

माझ्यापुरता निकाल लागला तो कंपन्यांच्या करिअर पोर्टलवर. तिथे सीव्ही अपलोड केला की फॉर्म आपोआप भरला जातो. सॉफ्टवेअर पीडीएफमधला मजकूर उचलतं, पण दोन रकाने असले की पुष्कळदा ओळ डावीकडून उजवीकडे सलग वाचत सुटतं. मग डावीकडच्या स्किल्समधलं ‘सीएमएम’ (पार्टची मापं तपासायचं मशीन) उजवीकडच्या कंपनीच्या नावाला चिकटतं, पदाच्या जागी ‘मराठी, हिंदी, इंग्रजी’ येतं, नोकरीची वर्षं डिप्लोमासमोर जाऊन बसतात. मग फॉर्ममधली प्रत्येक चौकट पुसून हातानं पुन्हा भरायची. शिफ्ट करून आल्यावर रात्री हे करताना जीव मेटाकुटीला येतो. शिवाय एखादी चुकीची तारीख नजरेतून निसटली, तर अनुभवाच्या वर्षांवर अर्ज चाळले जाताना आपला अर्ज बाजूला पडू शकतो. साध्या सीव्हीत मला बहुतेक वेळा फक्त तारखांवर नजर फिरवावी लागली.

तुमचा सीव्ही कसा वाचला जाईल याचा अंदाज घरीच घेता येतो. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे क्रम विस्कटला तर पोर्टलवरही विस्कटण्याची शक्यता मोठी. काहीच पेस्ट झालं नाही, तर तुमची पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र आहे. वर्डमध्ये टेबल टाकून दोन रकाने केले तरी हाच त्रास होऊ शकतो. फोन आणि ईमेल पानाच्या हेडरमध्ये न टाकता मजकुरातच लिहावेत, कारण काही सॉफ्टवेअर हेडर वाचतच नाहीत.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अरुंद रकान्यात ‘एक्सेल’पुढे पाचपैकी चार ठिपके रंगवले जातात, त्यातून समोरच्याला नेमकं काय कळणार? ‘सीएनसी लाइनवरचं रिजेक्शन ३.५ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर आणलं, त्यासाठी फिक्श्चर बदललं’ ही ओळ तुमचं काम दाखवते, आणि तिला पानाची पूर्ण रुंदी लागते. आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) चं ऑडिट, पीपीएपी (उत्पादनाआधी ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घेण्याची प्रक्रिया), गेज कॅलिब्रेशन (मोजमापाच्या साधनांची अचूकता तपासणं) यांतलं तुम्ही स्वतः काय केलंत, हेही असंच पूर्ण वाक्यात लिहावं.

ग्राफिक डिझाइन किंवा जाहिरातीच्या क्षेत्रातल्यांचा अनुभव वेगळा असू शकतो. तिथे मांडणी हाच कामाचा नमुना असतो. कारखाना, अकाउंट्स, आयटी, बँक यांसाठी मात्र मी साधाच सुचवेन. टेम्प्लेट फारच आवडलं असेल तर ते हातात द्यायला ठेवा आणि पोर्टलवर साधा टाका. फक्त तारखा आणि पदांची नावं दोन्हीकडे तंतोतंत एकच असू द्या, कारण मुलाखतीला बसलेल्यांपुढे दोन्ही प्रती असू शकतात.