बोटीचं वार्निश सांगून चपडा मारून गेला

आमच्या सहकारनगरच्या घराचा पुढचा दरवाजा मूळचा शनिवार पेठेतल्या वाड्याचा. वाडा पाडला तेव्हा वडिलांनी दरवाजा, चौकट आणि झोपाळ्याची फळी एवढंच मागून घेतलं. जुनं सागवान, पण पश्चिमेचं ऊन आणि पावसाची झड थेट अंगावर. हळूहळू पॉलिश उडालं, लाकूड राखी पडलं. खरं तर त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. उन्हाने सागवानाचा वरचा पापुद्रा तेवढा करडा होतो, आत लाकूड शाबूत असतं. हे शहाणपण मला आत्ता आलंय.

एप्रिलच्या शेवटी एक जण दारात आला. शेजारच्या गल्लीत काम चालू आहे म्हणाला. मी गल्लीत जाऊन बघितलं नाही. हातात परदेशी डबा, त्यावर शिडाच्या होडीचं चित्र. "साहेब, हे घरातलं पॉलिश नाही. बोटीवर मारतात ते. समुद्रात टिकतं, पुण्याच्या पावसाचं काय घेऊन बसलात!" दरवाजा, चौकट आणि झोपाळा मिळून ४२,००० रुपये, त्यातले २५,००० आधी. मी चष्मा लावून डब्यावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचली. झाकणाच्या कडेला मात्र चारपाच ठिकाणी स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्याच्या खुणा होत्या, त्या दिसल्या आणि तरी दिसल्या नाहीत. डबा अस्सल होता. आतला माल नव्हता.

पहिल्या दिवशी त्याने कॉस्टिक सोड्याचं पाणी फासलं, तारेच्या ब्रशने खरवडलं आणि वर ॲसिड मारलं. घटकेत लाकूड सोन्यासारखं निघालं. आम्ही सगळे खूश. संध्याकाळी सहज हात फिरवला तर बोटांना कंगोरे लागले. रेषांमधला मऊ भाग ॲसिडने खाल्ला होता आणि कडक भाग वर राहिला होता. "पॉलिश पेपर मारला की बसेल," म्हणाला. मारला, तोही रेषांना आडवा.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेपर्यंत पाच हात मारून मोकळा! घरभर स्पिरिटचा वास. तेलाच्या वार्निशचा एक हात नीट वाळायला साधारण अख्खा दिवस लागतो, आणि इथे प्रत्येक हात पंधरा मिनिटांत कोरडा. मी मात्र "काय झटपट काम आहे" म्हणून कौतुक करत होतो. उरलेले १७,००० यूपीआयने दिले. स्क्रीनवर नाव भलत्याच माणसाचं आलं, "मेव्हण्याचं खातं आहे" म्हणाला. बिल मागायला मला संकोच वाटला. पुणेकर असून!

मे महिन्यात दुपारी आई झोपाळ्यावर बसली आणि उठताना तिचं लुगडं फळीला चिकटलं. आठवड्याने वळीव झाला. सकाळी दरवाज्याच्या खालच्या फूटभर भागावर पीठ सांडल्यासारखे पांढरे डाग, आणि मध्येमध्ये काळे ठिपके. फोन केला तर बंद. अजून बंदच आहे.

माझा मामेभाऊ अलिबागकडे शिडाच्या होड्या दुरुस्त करणाऱ्यांत वावरलेला. त्याने काही न बोलता कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून दरवाज्याच्या कोपऱ्यात दाबून धरला. दोन मिनिटांनी बोळा तपकिरी, चिकट. "चपडा आहे हा. लाखेचं पॉलिश. दिवाणखान्यातल्या कपाटाला शोभतं, पाणी लागलं की पांढरं पडतं." बोटीचं वार्निश वाळल्यावर स्पिरिटला दाद देत नाही. काळे ठिपके तारेच्या ब्रशचे: तुटलेल्या तारांचे कण लाकडात रुतले, ओल लागून गंजले आणि सागवानातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी मिळून काळे पडले.

मग त्याने बोटीवरची पद्धत सांगितली. ते वार्निश मुद्दाम लवचिक असतं, कारण डोलकाठी वाकते आणि ऊन-पाण्याने लाकूड फुगतं-आकसतं. त्यात उन्हाला अडवणारं द्रव्यही असतं. सागवान तेलकट, म्हणून आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यायचं, नाहीतर वरचा थर धरत नाही. पहिला हात निम्मा पातळ करून, लाकडात मुरेल असा. मग सहा-सात हात, प्रत्येक दोन हातांमध्ये रेषेच्या दिशेने बारीक पेपर. म्हणजे नुसत्या वार्निशलाच आठवडाभर लागतो. आणि एवढं करूनही वर्षातून एकदा घासून एखादा हात द्यावाच लागतो. "जन्मभर बघायला नको" म्हणणारा तिथेच खोटा पडतो.

पोलीस चौकीत अर्ज दिला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही बोललो. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच, बिल आहे का? माझ्याकडे यूपीआयची नोंद आणि रिकामा डबा.

चपडा स्पिरिटने धुऊन काढला. काळे डाग ऑक्सॅलिक ॲसिडने बरेचसे गेले (हातमोजे घालून, आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन). कंगोरे सपाट करायला जवळजवळ दोन मिलिमीटर लाकूड गेलं. नवं वार्निश मात्र भावाने मारू दिलं नाही. ओल आत कोंडली तर फोड येतात, म्हणून दिवाळीपर्यंत थांबायचं. तोवर दरवाज्याचं लाकूड उघडंच, आणि पावसाच्या दिवसांत त्याच्यावर जुनी ताडपत्री.