विसाव्या आठवड्यातले विसावे: गरोदरपणातली क्रूझ आणि घडीचं स्टूल, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

एप्रिलमध्ये मी तीन वस्तू घेतल्या: घडीचं स्टूल, दाबाचे मोजे आणि पोटाला खालून आधार देणारा पट्टा. मे महिन्यात, विसावा आठवडा भरता भरता, आम्ही दोघं जेनोआहून सात रात्रींच्या क्रूझला निघालो. नेपल्स, मेसिना, माल्टाची राजधानी व्हॅलेटा, एक दिवस नुसता समुद्र, मग बार्सिलोना, मार्सेय आणि परत जेनोआ. ऑक्टोबरात मुलगी झाली. आता जानेवारी आहे, ती शेजारी झोपली आहे आणि त्या तीन वस्तूंपैकी एक अजूनही रोज हातात असते. वस्तू घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले अनुभव वाचून मी खरेदी केली होती आणि त्यातली एक खरेदी साफ चुकली. म्हणून मुद्दाम इतके महिने थांबून लिहितेय.

वस्तूंच्या आधी बंदरांच्या आखणीबद्दल सांगते, कारण ती आखणी नसती तर वस्तूंचा काही उपयोग झाला नसता. माझी आई सांगलीला असते. तिनं दोनदा आळंदी ते पंढरपूर पायी वारी केली आहे. नेपल्समध्ये किती चालावं लागेल याची काळजी मी फोनवर बोलून दाखवली तेव्हा ती म्हणाली, ‘अगं, किती किलोमीटर ते विचारू नकोस. पुढचा विसावा कुठे आहे ते विचार.’ त्या रात्री मी प्रत्येक बंदराचा नकाशा उघडला आणि प्रेक्षणीय स्थळांऐवजी विसावे शोधले. विसावा म्हणजे सावली, पाठीला टेकू, पाणी आणि जवळ स्वच्छतागृह. दोन विसाव्यांमध्ये माझ्या चालीनं दहा मिनिटांपेक्षा जास्त अंतर नको, एका बंदरात एकच गोष्ट बघायची, आणि जहाजावर परतण्याची जी शेवटची वेळ असेल तिच्या दोन तास आधी धक्क्यावर हजर. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, आपण आपले फिरायला गेलो तर थांबत नाही. पोटात बाळ असताना ती धावपळ मला नकोच होती.

ज्या मैत्रिणी आत्ता बुकिंगच्या विचारात आहेत त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बहुतेक क्रूझ कंपन्या चोवीस आठवडे झालेल्या बाईला जहाजावर घेत नाहीत, आणि ते चोवीस आठवडे प्रवास संपतो त्या दिवशी मोजतात, चढता त्या दिवशी नाही. पहिले तीन महिने उलट्या आणि धास्तीत जातात. म्हणजे हातात उरतो तो साधारण चौदाव्या ते तेविसाव्या आठवड्यामधला काळ. प्रसूतीची अपेक्षित तारीख आणि प्रवासाला हरकत नसल्याचं डॉक्टरांचं इंग्रजी पत्र चढताना दाखवावं लागलं. विमा कंपनीकडून गरोदरपणातली गुंतागुंत धरलेली आहे हे मी लेखी मागवून घेतलं, कारण पुष्कळ प्रवास विम्यांमध्ये ती वगळलेली असते. जहाजावर दवाखाना असतो, पण तो तात्पुरत्या उपचारांचा, बाळंतपणाचा नाही. आणि आपल्या डॉक्टरांनी ‘नको’ म्हटलं तर नकोच. मला त्यांनी तपासून हो म्हटलं होतं.

मार्गही याच हिशेबानं निवडला. ग्रीक बेटांचे फोटो मला फार मोहात पाडत होते. पण सँटोरिनीला मोठं जहाज नांगर टाकून उभं राहतं, छोट्या बोटींतून किनाऱ्यावर जायचं आणि वर गावात जायला केबल कारची रांग, नाहीतर साडेपाचशेहून जास्त पायऱ्या. आमच्या मार्गावर सगळीकडे जहाज थेट धक्क्याला लागत होतं. शिडीवरून उतरलं की जमीन. कंबर दुखत असताना याची किंमत कळते.

आम्ही झ्युरिचला राहतो, त्यामुळे जेनोआपर्यंत रेल्वेनंच गेलो. मिलानला गाडी बदलली. जेनोआचा क्रूझ धक्का रेल्वे स्टेशनपासून पायी जाण्याइतका जवळ आहे.

नेपल्स हे पहिलं बंदर, आणि तिथेच मी माझा नियम मोडला. जवळचं पॉम्पेई, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं प्राचीन शहर, आधीच सोडून दिलं होतं. दगडी फरसबंदी, जवळजवळ नसलेली सावली आणि तासन् तास चाल, हे माझ्यासाठी नव्हतं. जहाज शहराच्या अगदी उंबऱ्याशी लागतं, समोरच कास्तेल नुओव्हो किल्ला. ठरवलं होतं ते असं: म्युनिचिपिओ स्थानकावरून मेट्रोनं एकच स्टेशन पुढे तोलेदोला जायचं, ते निळ्या मोझाइकचं, जमिनीखाली सुमारे पन्नास मीटर खोल असलेलं स्टेशन बघायचं, आणि गॅलेरिया उंबेर्तो या जुन्या बाजारपेठेच्या काचेच्या घुमटाखाली बसायचं. स्टेशन सुंदर आहे. सरकत्या जिन्यानं वर येताना डोक्यावर निळा उजेड पडतो तेव्हा समुद्राच्या तळातून वर येतोय असं वाटलं. गॅलेरियात गरम स्फोलियातेल्ला खाल्ली. तिचे पापुद्रे हुबेहूब चिरोट्याचे, आत रिकोटा चीज आणि रवा, भट्टीत भाजलेली, म्हणून मला चालणारी. इथवर सगळं छान होतं. मग ‘एवढी छान वाटतेय तर अजून थोडं’ म्हणून भर दुपारी तोलेदो रस्त्यानं वर चढत गेलो. गर्दी, ऊन, स्कूटरी, आणि पुढचा विसावा कुठे ते माहीत नाही. वीस मिनिटांत जांघेपासून पोटाकडे अशी ओढ बसली की मी भिंतीला धरून उभी राहिले. नवऱ्यानं स्टूल उघडलं, एका दुकानाच्या सावलीत ठेवलं, मी बसले. पाणी प्यायले. दहा मिनिटांत कळ ओसरली. जहाजावर परतल्यावर दवाखान्यात दाखवलं, बाळाचे ठोके व्यवस्थित होते. गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध ताणले की असं होतं, असं त्यांनी सांगितलं. मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. पुढच्या बंदरांत मात्र आपणहून नियमाबाहेर एक पाऊल टाकलं नाही.

मेसिना या सहलीतलं माझं सर्वांत लाडकं बंदर. धक्क्यापासून कॅथेड्रलचा चौक माझ्या चालीनं बारा मिनिटं, सपाट रस्ता, मध्ये बाकं. १९०८ च्या भूकंपात हे शहर जमीनदोस्त झालं होतं. पुन्हा उभ्या केलेल्या घंटाघरात स्ट्रासबुर्गच्या कारागिरांनी बनवलेलं यांत्रिक घड्याळ आहे, १९३३ सालचं. दुपारी बाराला त्यातला सोनेरी सिंह गर्जना करतो, कोंबडा पंख फडफडवून आरवतो, आणि एकामागून एक मूर्ती सरकत जातात. लोक पावणेबाराला धावत येतात आणि उन्हात माना वर करून उभे राहतात. आम्ही सव्वाअकरालाच चौकातल्या कॅफेत छत्रीखाली जागा धरली. बदामाचा ग्रानिता, म्हणजे गोड बर्फाचा चुरा, आणि मऊ ब्रिओश पाव समोर, पाय समोरच्या स्टुलावर. सिंह गरजला तेव्हा पोटात फुलपाखरू हलल्यासारखं झालं. तोपर्यंत मला नक्की कळत नव्हतं ते हालचालच आहे की नुसता वात. त्या दिवशी कळलं. त्यानंतर काहीही बघितलं नाही, दीडला जहाजावर परत, जेवण, झोप. संध्याकाळी जहाज सुटताना बंदराच्या तोंडाशी उंच खांबावर उभी असलेली सोनेरी मादोना, म्हणजे मेरीची मूर्ती, डेकवरच्या खुर्चीतून दिसली.

व्हॅलेटाला तर निम्मं गाव जहाजावरूनच बघून झालं. पहाटे जहाज ग्रँड हार्बरमध्ये शिरतं तेव्हा दोन्ही बाजूंनी मधाच्या रंगाचे दगडी कोट जवळ येत जातात. त्यासाठी गजर लावून उठा, नंतर पुन्हा झोपा. शहर उंचावर आहे, रस्ते चढउताराचे आणि कित्येक ठिकाणी पायऱ्यांचे, हे वाचून मी घाबरले होते. पण धक्क्याच्या बाजूनं ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे, अप्पर बराक्का बागेत नेऊन सोडते. बागेत कमानींची सावली, बाकं आणि खाली सगळं बंदर. दुपारी बाराला खालच्या तटावरून तोफ डागतात. आवाज मोठा असतो, आम्ही बागेच्या मागच्या टोकाला जाऊन बसलो. त्यानंतर सपाट रिपब्लिक रस्त्यानं सेंट जॉन्स को-कॅथेड्रल. काराव्हाज्जोचं योहानाच्या शिरच्छेदाचं १६०८ मधलं प्रचंड चित्र तिथे आहे. आतल्या फरशीवर संगमरवरी थडगी आहेत, म्हणून टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत. माझे सपाट बूट होतेच. चित्रासमोर किती वेळ बसले ते आठवत नाही.

समुद्रातल्या दिवशी थोडं डोलायला लागलं. केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर घेतलं होतं, तिथे हेलकावे सगळ्यांत कमी जाणवतात. आईनं धाडलेली आलेपाकाची वडी चघळली आणि क्षितिजाकडे बघत बसले. गरम पाण्याच्या कुंडात उतरले नाही, अंग जास्त तापणं बाळाला बरं नाही. बुफेत कच्चं हॅम, अर्धकच्चं मांस आणि न तापवलेल्या दुधाचं चीज टाळलं. कॉफी दिवसाला एकच. आणि हात साबणानंच धुवा, कारण जहाजावर पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसला नुसतं जेल पुरत नाही. सकाळी डेकवर फिरताना आईचा फोन आला. तिनं सांगितलं की पूर्वी डोहाळजेवण नावेतलं करायचे, बागेतलं करायचे, चांदण्यातलं करायचे. ‘तुझं नावेतलं झालं, आता सातव्यात इथे झोपाळ्यावरचं करू’, म्हणाली. सातव्या महिन्यात मी विमानानं जाऊ शकले नाही. पण नावेतलं झालं, हे मला अजून गोड वाटतं.

बार्सिलोनाला एकच बससहल घेतली होती. पत्रकावर ‘हलकी चाल’ असं लिहिलेलं. बस लांब उभी केली, साग्रादा फामिलिया चर्चपर्यंत पंधरा मिनिटं भराभर चालवत नेलं, पाऊण तास उभं राहून माहिती ऐकली आणि दोन तास स्वच्छतागृह नाही. मी मागितलं तर ‘पुढच्या थांब्यावर’. मला याचा खरंच राग आला. ‘हलकी’ म्हणजे किती मिनिटं उभं राहायचं, बस किती लांब थांबणार, स्वच्छतागृह कधी, हे तीन प्रश्न सहल घेण्याआधी विचारा आणि उत्तर नीट मिळालं नाही तर पैसे भरू नका.

मार्सेयला मी उतरलेच नाही. तिथला क्रूझ धक्का जुन्या बंदरापासून बराच लांब आहे, शटल बस घ्यावी लागते. नवऱ्याला पाठवलं, तो मुसेम संग्रहालय बघून आला. मी रिकाम्या जहाजावर कोमट पाण्याच्या तलावात पोहले. तलावात आम्ही तीन बायकाच होतो. पाण्यात पोटाचं वजन उरत नाही. प्रत्येक क्रूझमध्ये एक बंदर असं मुद्दाम सोडा.

आता वस्तू. पहिलं स्टूल तिपायी होतं, हलकं, छान दिसणारं. घरात बरं वाटलं, पण दगडी फरशीवर एक पाय फटीत गेला आणि ते कलंडलं. नशीब मी बसलेली नव्हते, नवरा बसून बघत होता. परत केलं. चारपायी घेतलं, बसायची उंची पंचेचाळीस सेंटिमीटर. त्याहून बुटकं घेऊ नका, सातव्या महिन्यानंतर उठता येत नाही. वापराच्या पाचव्या महिन्यानंतर कापडाची एका बाजूची शिवण उसवली, चपलांच्या दुकानात जाड दोऱ्यानं शिवून घेतली, अजून टिकून आहे. अडतिसाव्या आठवड्यापर्यंत ते ट्रामच्या थांब्यावर, बाजारात, तपासणीच्या रांगेत माझ्याबरोबर होतं.

मोजे पहिल्या श्रेणीचे, १८ ते २१ मि.मी. पाऱ्याच्या दाबाचे, डॉक्टरांनी मापं घेऊन लिहून दिलेले. पलंगावरून पाय खाली ठेवण्याआधीच चढवायचे. रेल्वेत आणि जहाजावर पोटऱ्या हलक्या राहिल्या, संध्याकाळची सूज निम्म्यावर आली. नेपल्सच्या उन्हात मात्र असह्य झाले. पुढच्या वेळी बोटं उघडी राहणारे घेईन. ऑगस्टमध्ये त्यांची लवचीकता गेली आणि दुसरी जोडी घ्यावी लागली.

पट्टा ही माझी चुकलेली खरेदी. चालताना आधार वाटतो हे खरं, पण मी तो दिवसभर बांधून ठेवला आणि बसल्यावर जेवण घशाशी यायला लागलं. फिजिओथेरपिस्टनं नंतर सांगितलं, फक्त चालताना बांधायचा, बसलं की सोडायचा. त्यात माझ्या मापाचा नव्हता. कुणाला तरी बांधायला शिकवून घेतल्याशिवाय ऑनलाइन घेऊ नका.

बाळ झाल्यावर पट्टा आणि मोजे कपाटात गेले. स्टूल पलंगाशेजारी आलं. दूध पाजताना त्याच्यावर पाय ठेवले की मांडी हवी तेवढी उंच होते आणि पाठ टेकते. मार्चमध्ये आई येणार आहे. झ्युरिचच्या तळ्यातून रापर्सव्हिलपर्यंत बोट जाते, तिथे आम्ही तिघी जाणार आहोत. विसावे मी कालच नकाशावर काढून ठेवले, या वेळी आईच्या गुडघ्यांच्या हिशेबानं.