एनसीईआरटीची जीवशास्त्राची दोन पुस्तके: नीटच्या वाटेवर किती पुरतात?

नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या, तयारीला लागलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात एक सल्ला हमखास मिळतो: बायोलॉजीसाठी फक्त एनसीईआरटी वाच, दुसरे काही हातात धरू नकोस. शिकवणीचे सर हेच सांगतात, मागच्या वर्षी एमबीबीएसला लागलेला गावातला मुलगा हेच सांगतो आणि अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवर बसलेला, परीक्षा पुन्हा देणारा रिपीटरही हेच सांगतो. लातूर जिल्ह्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवताना एनसीईआरटीची (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेची) ही दोन पुस्तके, म्हणजे अकरावीचे आणि बारावीचे, मी राज्य मंडळाच्या मुलामुलींच्या हातात वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. त्यांची स्तुती करणारे पुष्कळ आहेत आणि ती स्तुती बहुतांशी खरीही आहे. तरीही माझे मत थोडे वेगळे आहे. ही पुस्तके तयारीचा शेवट म्हणून अप्रतिम आहेत, पण तयारीची सुरुवात म्हणून, विशेषतः दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्यासाठी, ती फारशी सोयीची नाहीत.

या पुस्तकांना एवढे महत्त्व का, हे परीक्षेच्या रचनेवरून कळते. 2025 पासून नीटमध्ये पुन्हा 180 प्रश्न आणि 180 मिनिटे अशी विभागणी झाली असून त्यांतले 90 प्रश्न, म्हणजे 720 पैकी 360 गुण, एकट्या जीवशास्त्राचे आहेत. दोन विद्यार्थ्यांचे एकूण गुण सारखे आले, तर क्रम ठरवताना आधी जीवशास्त्राचेच गुण पाहिले जातात. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला वजा एक, असा हिशेब असल्यामुळे अंदाजाने उत्तरपत्रिकेतला गोळा भरणे महागात पडते. शिवाय भौतिकशास्त्राच्या गणितांसाठी वेळ राखायचा असेल तर जीवशास्त्राचे नव्वद प्रश्न पाऊण तास ते पन्नास मिनिटांत उरकावे लागतात. हा वेग विषय समजला म्हणून आपोआप येत नाही. पुस्तकातले वाक्य डोळ्यांसमोर उभे राहावे लागते, कारण प्रश्नातली विधाने पुष्कळदा त्या वाक्यांतूनच उचललेली असतात आणि त्यांत एखादाच शब्द बदललेला असतो. रक्ताच्या प्रकरणात ‘बहुतेक सस्तन प्राण्यांच्या’ लोहित (तांबड्या) पेशींत केंद्रक नसते, असे वाक्य आहे. त्यातला ‘बहुतेक’ गाळून ‘सर्व’ असे वाचणारा विद्यार्थी विषय जाणत असूनही पाच गुणांनी मागे पडतो, कारण चार हुकतात आणि एक कापला जातो.

किमतीच्या बाबतीत या पुस्तकांशी स्पर्धा करणारे काहीही बाजारात नाही. दोन्ही पुस्तके मिळून पाचशे रुपयांच्या आत येतात आणि एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य उतरवूनही घेता येतात. मात्र मोबाइलवर वाचून ही परीक्षा साधत नाही, छापील प्रतच हवी. घेताना कागद उजेडासमोर धरून पाहावा, अस्सल प्रतीच्या कागदात एनसीईआरटीचा जलचिन्हाचा ठसा दिसतो. जूनमध्ये पुस्तकांचा तुटवडा पडला की नकली प्रती बाजारात येतात. त्यांतल्या आकृत्या इतक्या काळपट छापलेल्या असतात की वृक्कातील, म्हणजे मूत्रपिंडातील, नलिकेचा कोणता भाग कुठे संपतो, हे ओळखू येत नाही. या परीक्षेत आकृतीवरही प्रश्न येतात, त्यामुळे वीस-तीस रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे.

आता मुख्य अडचणीकडे येतो. अकरावीचे पुस्तक उघडले की सजीवांचे जग, जैविक वर्गीकरण, वनस्पतिसृष्टी आणि प्राणिसृष्टी ही चार प्रकरणे ओळीने येतात, आणि चारही नावांनी खच्चून भरलेली आहेत. औसा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली एक हुशार मुलगी अकरावीच्या पहिल्या महिन्यात वनस्पतिसृष्टीचे प्रकरण घेऊन माझ्याकडे आली. प्रत्येक परिच्छेदात तिने पेन्सिलीने पंधरा-वीस शब्दांखाली रेघा ओढल्या होत्या, समासात मराठी अर्थ लिहिले होते आणि तरीही तिचा प्रश्न होता, ‘सर, यातले नेमके काय लक्षात ठेवायचे?’ प्रश्न रास्त होता. पुस्तकाची वाक्ये आटीव आहेत. एका वाक्यात तीन तथ्ये, एक अपवाद आणि दोन लॅटिन नावे असतात, आणि लेखकाने कुठे थांबून श्वास घेतल्याचे दिसत नाही. ज्याला विषय आधीच कळला आहे, त्याला असे आटलेले लेखन आवडते. पहिल्यांदाच वाचणारा मात्र ते समजून न घेता पाठ करू लागतो आणि मग ती सवय दोन वर्षे सुटत नाही.

मी त्या मुलीला ही चार प्रकरणे बाजूला ठेवून शरीरातील द्रव आणि अभिसरण या प्रकरणापासून सुरुवात करायला सांगितले. तिथे पुस्तक खरोखर शिकवते. हृदयाचे ठोके मिनिटाला 72, प्रत्येक ठोक्याला निलयातून (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून) बाहेर पडणारे रक्त सुमारे 70 मिलिलिटर, म्हणून मिनिटाला साधारण पाच लिटर, असा हिशेब वाक्यागणिक पुढे सरकतो आणि विद्यार्थ्याला तो स्वतः करून पाहता येतो. वृक्काच्या प्रकरणातही तेच आहे. मिनिटाला 125 मिलिलिटर म्हणजे दिवसाला 180 लिटर गाळले जाते आणि मूत्र मात्र एक ते दीड लिटरच तयार होते, मग बाकीचे पाणी गेले कुठे, हा प्रश्न आकड्यांतूनच उभा राहतो. ही प्रकरणे आधी वाचली की पुस्तकाची भाषा अंगवळणी पडते, आणि पुढे वर्गीकरणाची जंत्री तितकी परकी वाटत नाही.

बारावीचे पुस्तक माझ्या मते दोहोंत सरस आहे. आनुवंशिकतेच्या रेणवीय आधाराचे प्रकरण तर शिकवण्याच्या दृष्टीने आदर्श म्हणावे असे आहे. 1928 मध्ये ग्रिफिथने उंदरांवर केलेला प्रयोग, 1952 मध्ये हर्शे आणि चेस यांनी विषाणूंवर केलेला प्रयोग, 1958 मध्ये मेसेलसन आणि स्टाल यांनी जड नायट्रोजन वापरून दिलेला पुरावा, ही साखळी अशी गुंफली आहे की डीएनए हाच आनुवंशिक पदार्थ का मानायचा आणि त्याची प्रत कशी तयार होते, हे विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही, त्याचे त्यालाच पटते. त्याच प्रकरणात पुढे गुणसूत्र एकवर 2968 आणि वाय गुणसूत्रावर 231 जनुके, असे आकडे येतात आणि परीक्षेची तयारी करणारे सगळे जण नेमके तेवढेच अधोरेखित करतात. याचा दोष मी पुस्तकाला देणार नाही.

आपल्या भागातल्या विद्यार्थ्याला या पुस्तकाचे एक सुख आहे, ज्याकडे शिकवण्यांत कोणी लक्ष देत नाही. शहाळ्याचे पाणी म्हणजे मुक्तकेंद्रकी भ्रूणपोष (भ्रूणपोष म्हणजे बीजातला अन्नसाठा) आणि त्याभोवतीची पांढरी मलई म्हणजे पेशीमय भ्रूणपोष, हे बारावीच्या पहिल्याच प्रकरणात लिहिले आहे. पडीक रानात वाढणाऱ्या रुईला गुरे-शेळ्या तोंड लावत नाहीत, कारण तिच्यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात, असे इकॉलॉजीच्या भागात येते. रुईची पाने शनिवारी मारुतीला वाहणाऱ्या घरातला मुलगा कॅलोट्रॉपिस हे तिचेच शास्त्रीय नाव स्वतंत्रपणे घोकत बसतो, ही मोठी गंमत आहे. परक्या देशांतून येऊन माजलेल्या वनस्पतींची पार्थेनियम, लँटाना आणि आयकॉर्निया ही नावे म्हणजे आपले गाजर गवत, घाणेरी आणि जलपर्णी. वर्गात हे एकदा दाखवून दिले की ती नावे पुन्हा घोकावी लागत नाहीत. पण पुस्तक इंग्रजी आणि हिंदीत मिळते, मराठीत नाही, त्यामुळे हे दाखवणारे कोणी भेटेल की नाही, हे नशिबावर अवलंबून राहते. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, हे खरे. परंतु भाषांतराबाबत शंका निघाल्यास इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरला जातो, आणि आपल्याकडे अकरावी-बारावी विज्ञान इंग्रजीतूनच शिकवले जाते, म्हणून मी विद्यार्थ्यांना इंग्रजी प्रतच घ्यायला सांगतो.

या पुस्तकांत काही जुनाट चुकाही राहून गेल्या आहेत. जैवविविधतेच्या प्रकरणात देवरायांचा उल्लेख आहे. मेघालयातले खासी आणि जैंतिया डोंगर, राजस्थानातली अरवली, कर्नाटक-महाराष्ट्रातला पश्चिम घाट यांच्या पाठोपाठ माझ्या प्रतीत ‘मध्य प्रदेशातील सरगुजा, चांदा आणि बस्तर’ असे छापले आहे. सरगुजा आणि बस्तर 2000 सालापासून छत्तीसगडमध्ये आहेत, आणि चांदा म्हणजे आपले चंद्रपूर, जे 1956 मध्येच मध्य प्रदेशातून बाहेर पडले. विदर्भातल्या विद्यार्थ्याने आपला जिल्हा कुठल्या राज्यात आहे हे जाणून असतानाही जोड्या लावताना मध्य प्रदेशच निवडावा, अशी ही अवस्था आहे. रक्ताच्या प्रकरणातले आकडेही प्रयोगशाळेच्या कागदाशी जुळत नाहीत. पुस्तकात पांढऱ्या पेशी 6000 ते 8000 आणि रक्तबिंबिका (प्लेटलेट) दीड ते साडेतीन लाख आहेत, तर घरात कोणाला डेंग्यू झाला असता हाती पडणाऱ्या अहवालावर सहसा 4000 ते 11000 आणि दीड ते साडेचार लाख अशी मर्यादा छापलेली असते. परीक्षेपुरते पुस्तकच खरे मानायचे, हे विद्यार्थ्याला स्पष्ट सांगावे लागते. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलाला असे सांगताना मला बरे वाटत नाही.

गेल्या काही वर्षांतल्या कपातीने मात्र पुस्तकाचे खरे नुकसान केले. पूर्वी अकरावीत 22 आणि बारावीत 16 प्रकरणे होती, आता अनुक्रमे 19 आणि 13 उरली आहेत. वनस्पतींमधील वहन, खनिज पोषण आणि पचन व शोषण ही अकरावीतली तीन प्रकरणे गेली, आणि 2024 च्या परीक्षेपासून नीटच्या अभ्यासक्रमातूनही ती वगळली गेली. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत पचनसंस्था नाही, हे ऐकून माझ्या एका जुन्या, आता डॉक्टर असलेल्या विद्यार्थ्याने कपाळावर हात मारला. राज्य मंडळाच्या मुलांना यातून सुटका नाही, कारण बालभारतीच्या पुस्तकांत मानवी पोषणही आहे आणि वनस्पतींचे जलसंबंधही. बोर्डासाठी एक वाचायचे आणि नीटसाठी दुसरे, असा दुहेरी भार बारावीच्या जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्यावर पडतो.

याच्या उलटही घडले आहे. नीटच्या नव्या अभ्यासक्रमात माल्व्हेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कॉम्पोझिटी आणि ग्रॅमिनी या पाच वनस्पतिकुलांची नावे आहेत. छाटलेल्या पुस्तकात मात्र फक्त सोलॅनेसी, म्हणजे वांगी-बटाट्याचे कूळ, शिल्लक आहे. (त्याच अभ्यासक्रमात ‘कीटक’ या शब्दापुढे कंसात बेडूक छापला आहे, यावरून तो किती काळजीपूर्वक तपासला गेला असेल याची कल्पना येते.) जे पुस्तक पुरेसे आहे असे सगळे सांगतात, ते इथे उघडउघड पुरत नाही. आमच्या मराठवाड्यात ही पाचही कुळे शेतात उभी असतात: कापूस, मोहरी, तूर-हरभरा-सोयाबीन, करडई आणि ज्वारी. फुलांचे छेद घेऊन ही पाच कुळे दोन तासांत शिकवून होतात, आणि मुले ती विसरत नाहीत. शिकवण्यांच्या छापील नोट्समध्ये त्याच पाच कुळांची पुष्पसूत्रे (फुलाची रचना चिन्हांत सांगणारी सूत्रे) एका पानावर कोंबलेली असतात.

बाजारात या पुस्तकांच्या ओळीओळीवर प्रश्न काढलेली जाडजूड मार्गदर्शके मिळतात. पहिली दोन वाचने होण्यापूर्वी ती घेऊ नयेत असे माझे मत आहे, कारण त्यांच्यामुळे विद्यार्थ्याला प्रकरण दिसेनासे होते आणि फक्त ओळी दिसू लागतात. ड्रॉप घेतलेल्या, म्हणजे वर्षभर थांबून परीक्षा पुन्हा देणाऱ्या, विद्यार्थ्याला मात्र ती उपयोगी पडतात. त्याचे वाचन झालेले असते आणि कुठे घसरतो ते त्याला शोधायचे असते. रसायनशास्त्राच्या असेंद्रिय भागालाही एनसीईआरटी जवळजवळ पुरते. भौतिकशास्त्राला ती पुरेशी नाही, आणि 2025 चा भौतिकशास्त्राचा पेपर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

थोडक्यात शिफारस करायची तर अकरावीच्या पहिल्या सहामाहीत बालभारतीचे पुस्तक आधी आणि एनसीईआरटी त्याच्या मागोमाग वाचावी, आणि दिवाळीनंतर हा क्रम उलटा करावा. अकरावीच्या पुस्तकाला मी पाचपैकी साडेतीन आणि बारावीच्या पुस्तकाला साडेचार तारे देईन. घरात मोठ्या भावंडाची कपातीपूर्वीची जुनी प्रत पडून असेल तर ती रद्दीत घालू नये. तिच्यात शेंगवर्गीय कुळाची पाने अजून शाबूत आहेत, पचनाचे प्रकरणही आहे, आणि एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्राचा तास सुरू होण्याआधी ते एकदा वाचून जायला काहीच हरकत नाही.