ॲसिटिलकोलिनेस्टरेज मोजणारं तयार किट: झटक्यांच्या अभ्यासाला कितपत पुरतं?

ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे मेंदूतला संदेशवाहक ॲसिटिलकोलीन फोडणारं एन्झाइम. ते मोजायला एलमन पद्धतीची, ९६ खाचांच्या प्लेटवर चालणारी तयार किटं बरीच मिळतात. डब्यात साधारण बफर, डीटीएनबीची (गंधकयुक्त थायोल गटाशी जुळून पिवळं होणारं रसायन) पूड, ॲसिटिलथायोकोलीन (ॲसिटिलकोलीनचा गंधकयुक्त पर्याय) आणि तुलनेसाठी ठरावीक मूल्याचं कॅलिब्रेटर असतं. रसायन १९६१ सालचंच: एन्झाइम ॲसिटिलथायोकोलीन फोडतं, सुटलेलं थायोकोलीन डीटीएनबीला पिवळं करतं आणि तो पिवळेपणा ४१२ नॅनोमीटरवर वाढत जाताना मोजायचा.

ऑर्गॅनोफॉस्फेटमुळे (काही कीटकनाशकं आणि मज्जासंस्थेवरची रासायनिक अस्त्रं यांचा गट) येणाऱ्या झटक्यांसाठी (आकडी) हे किट चोख आहे. सारिन, सोमान किंवा पॅराऑक्सॉनमध्ये एन्झाइम बंद पडणं हेच झटक्याचं मूळ. ॲसिटिलकोलीन साचतं, त्याचे मस्करिनिक ग्राही अतिउत्तेजित होतात, आणि पुढे झटका ग्लुटामेट या उत्तेजक संदेशवाहकाच्या जोरावर चालू राहतो. म्हणून मस्करिनिक ग्राही अडवणारं ॲट्रोपिन उशिरा दिलं तर एकट्याने तो थांबवू शकत नाही. इथे एन्झाइमची सक्रियता इतकी कोसळते की साध्या हातालाही फरक दिसतो. प्रयोगात झटके आणायला वापरलं जाणारं पेंटिलीनटेट्राझोल मात्र मेंदूला शांत ठेवणारे गाबा-ए ग्राही अडवतं, पिलोकार्पिन मस्करिनिक ग्राहींना थेट चेतवतं. दोन्ही एन्झाइमला बंद पाडत नाहीत. तिथे सापडला तर छोटा फरक सापडतो, आणि छोट्या फरकासाठी किटची माहितीपत्रिका जशीच्या तशी पाळली तर फसगत ठरलेली.

सर्वात मोठी अडचण ब्लँकची, म्हणजे एन्झाइमविना येणारा रंग वजा करण्यासाठीच्या तुलनेच्या खाचेची. मेंदूत ग्लुटाथायोन (पेशींतलं थायोल) मिलिमोलर प्रमाणात असतं आणि तेही डीटीएनबीला पिवळं करतं, एन्झाइमचा काही संबंध नसताना. सगळी द्रावणं एकदम मिसळून लगेच मोजायला घेतलं की सुरुवातीची चढण या ग्लुटाथायोनची असते. त्यात झटक्यांनी ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो, ग्लुटाथायोन घटू शकतं. म्हणजे दोन गटांचा पायाच वेगळा आणि 'एन्झाइम कमी झालं' असा खोटा निष्कर्ष हाताशी तयार. उपाय सोपा: नमुना, बफर आणि डीटीएनबी १० मिनिटं एकत्र ठेवायचं, पिवळेपणा स्थिरावला की मगच ॲसिटिलथायोकोलीन घालायचं. ब्लँक दोन हवेत, एक नमुन्याविना (पीएच ८ ला ॲसिटिलथायोकोलीन आपोआपही फुटतं), दुसरा ॲसिटिलथायोकोलीनविना. एकाच ब्लँकवर भागवणारं किट मेंदूच्या नमुन्यासाठी अर्धवट समजावं. रक्त धुऊन न काढलेला मेंदू घेतला तर हिमोग्लोबिनही याच तरंगलांबीच्या आसपास प्रकाश शोषतं, शिवाय रक्तातलं ब्युटिरिलकोलिनेस्टरेज हे सारखंच दुसरं एन्झाइम मोजमापात घुसतं. ते दाबणारं आयसो-ओएमपीए वेगळं आणावं लागतं.

नमुना तयार करताना १ ग्रॅम ऊतीला ९ मिलिलीटर थंड फॉस्फेट बफर (०.१ मोलर, पीएच ८) आणि १ टक्का ट्रायटन एक्स-१०० (पेशींचे पडदे विरघळवणारं डिटर्जंट). ट्रायटन विसरलं तर पडद्यात रुतलेलं एन्झाइम सेंट्रिफ्यूजच्या गाळात जातं, आणि मेंदूतलं बहुतेक एन्झाइम तसंच असतं. पण ट्रायटन ब्रॅडफर्ड चाचणी बिघडवतं, त्यामुळे प्रथिनं बीसीए पद्धतीने मोजा. डीटीटीसारखं थायोल असलेलं काहीही बफरमध्ये नको. स्ट्रायटम या मेंदूच्या खोल भागात सक्रियता कॉर्टेक्सच्या (बाहेरच्या थराच्या) कितीतरी पट असते. दोन्ही सारखेच पातळ केले तर स्ट्रायटमची रेष काही मिनिटांत वाकते. सुरुवातीचा सरळ भागच घ्या. ॲसिटिलथायोकोलीन शेवटी ०.५ ते १ मिलिमोलर असावं. जास्त घातलं तर वेग वाढायच्या ऐवजी एन्झाइम दबतं.

हिशेबात हमखास विसरतो तो प्रकाशाचा मार्ग. २०० मायक्रोलीटर द्रव खाचेत साधारण ०.६ सेंटिमीटर उभा राहतो, १ नव्हे. मिनिटाला शोषण ०.०५ वाढत असेल आणि पिवळ्या रंगाचा शोषण-गुणांक १४१५० धरला तर ०.०५ भागिले (१४१५० × ०.६), गुणिले २०० मायक्रोलीटर, म्हणजे सुमारे १.१८ नॅनोमोल प्रतिमिनिट. खाचेत १० मायक्रोग्रॅम प्रथिन असेल तर मिलिग्रॅममागे ११८. मार्ग १ धरला की तेच ७१ येतं. कॅलिब्रेटर ही चूक झाकतं खरं, पण ते जुनं झालं असेल तर सगळी प्लेट चुकते आणि कळत नाही.

उपचार दिलेल्या प्राण्यांचे नमुने असतील तर आणखी दोन सापळे. प्रालिडॉक्झिम, ऑबिडॉक्झिमसारखी ऑक्झिमं (बंद पडलेलं एन्झाइम पुन्हा चालू करणारी औषधं) स्वतःच ॲसिटिलथायोकोलीन फोडतात, त्यामुळे एन्झाइम सावरल्याचा भास होतो. ऑक्झिम घातलेला पण ऊती नसलेला ब्लँक लावा. फायसोस्टिग्मिनसारख्या, एन्झाइम तात्पुरतं अडवणाऱ्या कार्बामेटमध्ये वेगळा सापळा: नमुना पातळ करून ठेवला की बंद पडलेलं एन्झाइम हळूहळू मोकळं होतं, म्हणून पातळ केल्याबरोबर मोजा.

एक मर्यादा मात्र कोणत्याही किटने सुटणार नाही. भरपूर ॲसिटिलथायोकोलीन देऊन मोजली जाते ती एन्झाइमची क्षमता. झटका चालू असताना सिनॅप्समध्ये ते किती वेगाने काम करत होतं, हे त्यावरून ठरत नाही. एन्झाइम टिकाऊ असल्याने मेंदू काढायला थोडा वेळ गेला तरी चालतं. ॲसिटिलकोलीनचं प्रमाण हवं असेल तर मायक्रोवेव्हने मेंदू क्षणात स्थिर करणं किंवा मायक्रोडायलिसिस (जिवंत मेंदूत बारीक नळी घालून द्रव काढणं) अशा वाटा घ्याव्या लागतात.

वर्षाकाठी एखाद-दोन प्लेटा लागत असतील तर किट घ्या. नेहमीचं काम असेल तर डीटीएनबी, ॲसिटिलथायोकोलीन आणि फॉस्फेट सुटं आणलेलं बरं. डीटीएनबीचं साठवणीचं द्रावण पीएच ७ च्या बफरमध्ये, थोडं सोडियम बायकार्बोनेट घालून, अंधारात ठेवायचं. पीएच ८ मध्ये ठेवलं तर ते आपसूक पिवळं पडतं.